खांद्याच्या हाडात गाठ निघाली: खरडून काढायची की राहू द्यायची?

मांडवाखाली | ९ नोव्हेंबर, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि पावसाच्या धाग्यांवर वाचनमात्र असतो. आज गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वय ४७, तासगाव तालुका. शाळेत नोकरी आणि दीड एकर द्राक्षबाग. ज्यांनी बाग केली आहे त्यांना सांगायला नको, फळछाटणी झाली की फेलफूट, डिपिंग, विरळणी, सगळं काम मांडवाखाली हात डोक्याच्या वर धरून. दरवर्षी खांदा भरून येतो आणि पंधरा दिवसांत उतरतो. यंदा उजवा उतरलाच नाही. मागच्या खिशातलं पाकीट काढता येत नाही, शर्टाची बाही घालताना डोळ्यात पाणी येतं, त्या कुशीवर झोपता येत नाही.

सांगलीत एमआरआय केला. रिपोर्टचा अर्थ मला समजला तो असा: एक स्नायूबंध थोडा फाटलाय, सांध्याचं आवरण जाड झालंय, आणि शेवटी एक ओळ, 'दंडाच्या हाडाच्या वरच्या भागात ३.१ सेंमीची कूर्चेची गाठ, बहुधा एनकाँड्रोमा'.

पहिले डॉक्टर त्या शेवटच्या ओळीवरच थांबले. म्हणाले, गाठ खरडून काढू, आत हाड भरू, वरून प्लेट टाकू, पुढच्या आठवड्यातली तारीख घ्या. दुसरे डॉक्टर मिरजेचे. त्यांनी हात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, "गाठ तुमच्याबरोबर कित्येक वर्षं राहत असेल, तिचं नंतर बघू. साखर कधी तपासली होती?"

आता दोघांत खरं कोण? फेब्रुवारीत माल निघतो, त्याआधी ऑपरेशन म्हणजे बाग सोडून द्यायची. कुणाला असा अनुभव आहे का?

---

हळदबाजार | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

अहो, द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलात असते. नोव्हेंबरात खरडायला कोण सांगतंय तुम्हाला!

(गंमत सोडा. घाई करू नका. जाणकार येतील, धागा वर ठेवतो.)

---

माणदेशी_गडी | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

भाऊ, आमच्या आटपाडीकडं एक हाडवैद्य हाय. आखडलेला खांदा एका झटक्यात मोकळा करतोय. माझ्या चुलत्याचा केला. चार माणसं धरायला लागत्यात पण गडी दुसऱ्या दिवशी बैलं जुपाय गेला. एमआरआय न् फिमआरआय कशाला?

---

निवृत्त_अस्थितज्ज्ञ | १० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

माणदेशी, तुमच्या चुलत्यांचं नशीब चांगलं. पण ज्या हाडात आत गाठ आहे हे कागदावर आलंय, ते हाड चार माणसांनी धरून ओढायचं नाही. आतून भिंत पातळ झालेली असली तर तिथंच मोडेल, आणि मग ऑपरेशन टाळता येणार नाही.

मांडवाखाली, फिल्म न बघता मी निदान करणार नाही. खालचं सगळं सर्वसाधारण समजा आणि तुमच्या डॉक्टरांना विचारायला वापरा.

एनकाँड्रोमा म्हणजे हाडाच्या पोकळीत असलेला कूर्चेचा साधा गोळा. दंडाच्या हाडाचं वरचं टोक ही त्याची आवडती जागा. एक्सरेत त्यात चुन्याचे ठिपके आणि कड्या दिसतात, लाह्या फुटाव्यात तशा. बहुतेकांना जन्मभर पत्ता लागत नाही. हल्ली ते इतके सापडतात कारण खांदा दुखला की एमआरआय होतो. यंत्र स्नायू बघायला लावलेलं असतं, गाठ आयती दिसते. मग पेशंट आणि कधीकधी डॉक्टरही धरून चालतात की दुखतंय ते हिच्यामुळेच. बहुतेक वेळा तसं नसतं. शांत एनकाँड्रोमा सहसा दुखत नाही.

मग तिची काळजी का करायची? कारण कूर्चेचाच हळू वाढणारा कर्करोग, काँड्रोसार्कोमा, सुरुवातीला हुबेहूब असाच दिसतो. हातापायाच्या हाडांतल्या त्याच्या सगळ्यात सौम्य पायरीला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात कर्करोग असं नावही ठेवलेलं नाही, 'अटिपिकल कार्टिलेजिनस ट्युमर' म्हणतात, इतकं तिचं वागणं मवाळ. तरी तिच्यावर नजर ठेवावी लागते.

म्हणून फिल्म घेऊन बसा आणि विचारा. गाठीने हाडाची भिंत आतून कुरतडली आहे का, आणि किती? जाडीच्या दोन तृतीयांशाहून खोल खड्डा असला तर आम्ही कान टवकारतो. भिंत फोडून गाठ बाहेर आली आहे का? जुनी एखादी फिल्म असेल तर तिच्यापेक्षा वाढली आहे का? मोठ्या माणसात अशी गाठ वाढायला नको. हात नुसता मांडीवर ठेवलेला असताना दुखतं का, झोपेतून उठवतं का? (त्या कुशीवर वळल्यावर दुखणं वेगळं. ते आखडलेल्या खांद्यातही होतं.)

एक सोपी परीक्षाही आहे. खांद्याच्या वरच्या फटीत थोडं भुलीचं औषध टोचतात. दहा मिनिटांत दुखणं बरंचसं गेलं, तर ते त्या फटीतलं होतं. हाडाच्या आतली गाठ त्या इंजेक्शनाला दाद देणार नाही.

आणि हो, साखरेचं ज्यांनी विचारलं त्यांना पकडून ठेवा. मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण खूप जास्त असतं.

---

मांडवाखाली | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

डॉक्टरसाहेब, एवढं सविस्तर कुणी तोंडानंही सांगितलं नव्हतं. एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) आजच आली: ८.४. मला मधुमेह आहे हे मला आज कळलं. गाठीच्या मागे लागलो होतो आणि दुसरंच सापडलं.

एक विचारू? सुई घालून तुकडा का काढून बघत नाहीत? सोक्षमोक्ष लागेल ना.

---

निवृत्त_अस्थितज्ज्ञ | १० नोव्हेंबर, रात्री ८:२०

कूर्चेच्या गाठीत लागत नाही. साधी गाठ आणि सौम्य कर्करोग सूक्ष्मदर्शकाखालीही इतके जवळचे दिसतात की दोन पॅथॉलॉजिस्ट दोन मतं देतात. शिवाय गाठीच्या एका कोपऱ्यातला तुकडा बाकीच्या गाठीबद्दल बोलत नाही. त्यामुळे इथे फिल्म, तक्रार आणि काळ या तिघांचं मिळून मत धरतात. बाकीच्या गाठींत मात्र उलट आहे, तुकड्याशिवाय हात लावायचा नाही. चाळिशीनंतर हाडात पोकळी दिसली तर दुसरीकडून पसरलेला कर्करोग आणि मायलोमा (हाडाच्या मज्जेतला कर्करोग) आधी वगळायचा, आणि आपल्या देशात क्षय विसरायचा नाही. तो खांद्यातही होतो आणि पू न होता सांधा कोरडाच झिजवतो.

---

कोयनाकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री ११:४८

मी पाटण तालुक्यातली. 'तुकड्याशिवाय हात लावायचा नाही' हे वाक्य वाचून लिहायला बसले. मला ते कुणी वेळेवर सांगितलं असतं तर एक ऑपरेशन वाचलं असतं.

२९ व्या वर्षी डावा खांदा दुखायला लागला. एक्सरेत दंडाच्या हाडाच्या वरच्या गोळ्यात काळी पोकळी. एका ठिकाणी (नाव नको) सांगितलं, पाण्याची गाठ आहे, खरडून भरून टाकू. टाकली. भरायला हाड माझ्याच कमरेतून काढलं, आणि खांद्यापेक्षा कंबर जास्त दिवस दुखली. खरडलेलं तपासायला पाठवलंच नाही. मी विचारलंही नाही, कारण विचारायचं असतं हे माहीत नव्हतं.

चौदा महिन्यांनी दुखणं परत. भरलेलं हाड विरघळून पोकळी आधीपेक्षा मोठी. मग मुंबईला कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयात. कर्करोग हा शब्द ऐकून आई जिन्यातच बसली. तिथे आधी रक्त: कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉइडचं हार्मोन. म्हटलं, खांद्याला गळ्यातली ग्रंथी कशाला? तर ती ग्रंथी बिघडली तरी हाडात अशाच पोकळ्या होतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीत फरक दिसत नाही. ती असती तर इलाज गळ्याचा, खांद्याचा नव्हे. माझं रक्त ठीक निघालं. मग छातीचा सीटी, मग सुईचा तुकडा.

तुकडा कुठून काढायचा यावर तीन डॉक्टर पेन घेऊन माझ्या खांद्यावर रेघा मारत होते. छाती आणि खांद्याच्या मधली जी खाच असते, जिथून एरवी ऑपरेशन करतात, तिथून सुई घालायची नाही. पुढच्या बाजूच्या स्नायूतून घालायची, म्हणजे सुईच्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडल्या तरी तेवढी वाट पुढे कापून टाकता येते. माझा जुना व्रण नेमका त्या खाचेत. डॉक्टर बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला दिसला.

निदान: जायंट सेल ट्युमर. साधा, पण खोडसाळ. वीस ते चाळीस वयात, सांध्याला अगदी लागून होतो, परत परत येतो, आणि साधा असूनही क्वचित फुप्फुसात जाऊन बसतो. म्हणून छातीचा सीटी.

दुसरं ऑपरेशन पहिल्यासारखं नव्हतंच. पहिल्या वेळी छोट्या भोकातून चमचा घातला होता. इथे हाडाला गाठीएवढी खिडकी केली, प्रत्येक कोपरा डोळ्यांना दिसेल अशी. चमच्याने खरडल्यावर वेगाने फिरणाऱ्या बरने (ड्रिलसारख्या हत्याराने) आतली भिंत घासली, मग उरलेल्या पेशी मारायला फिनॉल लावलं. तो खड्डा सिमेंटने भरला आणि बाहेरून प्लेट. सिमेंट म्हणजे दातांच्या कवळीच्या जातीचं अॅक्रिलिक. घट्ट होताना ते तापतं, म्हणून सांध्याच्या कूर्चेखाली आधी हाडाचा थर पसरला. मी विचारलं, हाडच का नाही भरलं? तर सिमेंट त्याच दिवशी भार घेतं, आणि गाठ परत आली तर पांढऱ्या सिमेंटच्या कडेला काळी रेघ लगेच दिसते. हाड भरलं असेल तर विरघळतंय की गाठ आहे हेच महिनोन्महिने कळत नाही. माझ्या बाबतीत पहिल्यांदा तेच झालं होतं.

भुलीची एक गंमत. पूर्ण भूल देण्याआधी मानेत इंजेक्शन देऊन हात बधिर करतात. जाग आल्यावर हात दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा, आवाज घोगरा आणि डावी पापणी उतरलेली. मला वाटलं अर्धांगवायू. नर्स म्हणाली, संध्याकाळपर्यंत जाईल. गेला.

दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी एक्सरे, कारण परत यायची असली तर बहुतेक त्याच काळात येते. आता पाच वर्षं झाली. वरच्या फळीवरचा पिठाचा डबा काढते. भरलेली घागर त्या खांद्यावर घेत नाही.

मांडवाखाली दादा, तुमची गाठ माझ्यासारखी नाही. तुम्हाला सांगायचं ते एवढंच की काढायची ठरली तर कोण काढतंय आणि काढलेलं कुठे जातंय, दोन्ही विचारा.

---

हळदबाजार | १२ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

ताई, _/\_. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

वाईकर_पुण्यात | १२ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

कोयनाकाठ, जायंट सेलवर आता इंजेक्शन आहे ना? डेनोसुमॅब. मग कापाकापी कशाला?

---

निवृत्त_अस्थितज्ज्ञ | १२ नोव्हेंबर, दुपारी २:३०

आहे. मूळचं ते हाडं ठिसूळ होण्यावरचं औषध. अमेरिकेत २०१३ पासून या गाठीसाठी मान्यता आहे. गाठ शांत होते, भोवती हाडाचं कवच येतं, दुखणं थांबतं. पण गाठ मरत नाही, झोपते. औषध थांबवलं की उठू शकते. त्यात अडचण अशी की त्या नव्या कवचात पेशी लपून बसतात आणि खरडताना निसटतात, त्यामुळे आधी औषध देऊन मग खरडलेल्या गाठी जास्त परत येतात असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय. जिथे कापलं तर सांधाच जाईल तिथे त्याचा खरा उपयोग. जबड्याच्या हाडालाही जपावं लागतं, सुरू करण्याआधी दात दाखवून घ्यायचे.

अवांतर: पहिल्या डॉक्टरांवर इथे कुणी तुटून पडायच्या आधी सांगतो. एनकाँड्रोमा कधीच काढायचा नाही असंही नाही. वाढतोय, भिंत खातोय, किंवा दुखण्याचं दुसरं एकही कारण सापडत नाही, तर काढतात, आणि चांगलं होतं. हाड त्या जागी मोडलं तर सहसा आधी ते जुळू देतात, गाठीचं मग. मात्र खिडकी पाडलेलं हाड काही महिने आधीपेक्षा कमजोर असतं, वजन उचलायची बंदी येते, आणि आधीच आखडलेला खांदा ऑपरेशननंतर आणखी आखडतो. गाठ काढली आणि खांदा तसाच दुखतोय, असे पेशंट मी पाहिलेत. त्यांना काय सांगायचं हे मला शेवटपर्यंत जमलं नाही.

---

मिरज_जंक्शन | १२ नोव्हेंबर, रात्री ९:००

मिरजेत हे वाद जुनेच आहेत हो. १८९४ ला मिशनरी डॉक्टर वानलेससाहेबांनी दवाखाना काढल्यापासून अर्धा कर्नाटक गाडीतून इथे उतरतोय. एका गल्लीत सतारीचा भोपळा कोरतात, पुढच्या गल्लीत माणसाचं हाड. दोघंही म्हणतात, जास्त खरडलं की आवाज जातो.

कामाचं: काढायचं ठरलं तर महात्मा फुले योजनेत बसतं का बघा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी गाठा. दाखल झाल्यावर नव्हे, आधी. मंजुरी आल्याशिवाय पुढे सरकत नाही.

---

तालमीतला | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४५

माझी वेगळी केस. फऱ्याच्या हाडाला आतल्या बाजूने हाडाचा कोंब आला होता, ऑस्टिओकाँड्रोमा. हात फिरवला की पाठीत कटकट वाजायचं. वस्ताद म्हणायचे, तुझ्या अंगात बैलगाडी आहे. २३ व्या वर्षी कोंब मुळापासून उडवला, दोन महिन्यांत लाल मातीत. डॉक्टरांनी एवढंच बजावलं होतं की वाढ पुरी झाल्यावर असा कोंब वाढायला लागला किंवा वरची कूर्चेची टोपी २ सेंमीपेक्षा जाड दिसली तर थांबायचं नाही.

---

लोंबता_हात | १४ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

मी फिजिओथेरपिस्ट, कराड. मांडवाखाली काका, तुम्हाला ओणवं होऊन हात घड्याळाच्या लंबकासारखा सोडायचा व्यायाम दिला असेल. त्याला कॉडमनचा व्यायाम म्हणतात. हा बॉस्टनचा सर्जन. खांद्यावर त्याने १९३४ साली अख्खा ग्रंथ लिहिला. या धाग्यासाठी मजेचं म्हणजे तरुणांच्या खांद्याच्या गोळ्यात होणाऱ्या एका साध्या गाठीचं, आज जिला काँड्रोब्लास्टोमा म्हणतात तिचं, वर्णनही त्यानेच १९३१ मध्ये केलं. तिला अजून कॉडमनची गाठ म्हणतात. हाडांच्या कर्करोगाच्या पेशंटांची नोंदवही ठेवायला त्यानेच सुरुवात केली, आणि ऑपरेशन केलेल्या प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं हे वर्षभराने तरी बघाच, असा हट्ट धरला. त्यापायी सहकाऱ्यांशी फाटलं त्याचं.

व्यायामात एक चूक सगळे करतात, हात जोर लावून फिरवतात. हात मेलेला ठेवा आणि अंग झुलवा. हात आपोआप फिरतो.

---

माणदेशी_गडी | १४ नोव्हेंबर, दुपारी १:२०

डॉक्टरसायब, चुलत्याचा दुसरा खांदा आखडलाय आता. ह्या टायमाला एक्सरे काढून आणतो म्हनलं.

---

मांडवाखाली | १८ जानेवारी, रात्री ८:१५

मंडळी, उशीर झाला, बागेत होतो.

मिरजेच्या डॉक्टरांकडे परत गेलो. फिल्म उजेडात लावून त्यांनी बोटाने गाठीची कड दाखवली: भिंत जवळजवळ साबूत, एका जागी बारीक खळगा. मग फटीत भुलीचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, बाहेर चहा पिऊन या. चहावाल्याला पैसे द्यायला हात मागच्या खिशात गेला आणि पाकीट काढून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. तसाच पळत आत गेलो. ते हसले. म्हणाले, "गाठ अजून आतच आहे बरं का."

तासाभराने दुखणं परत आलं, पण कुठलं दुखणं ते कळलं. नंतर सांध्यात स्टिरॉइड दिलं (साखर आठवडाभर उसळली, हे आधी सांगून ठेवलं होतं), रोज दोनदा लोंबता हात, गोळ्या आणि भात कमी. विरळणीला यंदा बायका लावल्या, मी खाली घड मोजत बसलो. ऑपरेशनची तारीख फोन करून रद्द केली. पलीकडून 'तुमची मर्जी' असं आलं.

---

मांडवाखाली | २४ मे, रात्री ९:३०

सहा महिन्यांनी एमआरआय झाला. आधीच्या केंद्रातच केला आणि जुनी सीडी बरोबर नेली, म्हणजे मापाला माप लागतं. गाठ ३.१ ची ३.१. पुढचा वर्षभराने. एचबीएवनसी ६.९. हात कानापर्यंत सरळ जातो, पाठीमागे अजून चार बोटं कमी.

हळदबाजार, खरड छाटणी एप्रिलातच झाली, फक्त बागेची.

कोयनाताई, निवृत्त डॉक्टरसाहेब, लोंबता हात, पत्ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बेदाणा निवडून ठेवलाय, हिरवा आणि मोठ्या मण्याचा. माणदेशी, चुलत्यांच्या एक्सरेत काय निघालं?

---

माणदेशी_गडी | २४ मे, रात्री १०:०२

काय नाय निघालं. साखर निघाली, ३१०. माझाबी पत्ता पाठवू का?